पऱ्हाटीचा कोळसा आणि वायूची साठवण

माघ सरत आला की वऱ्हाडातील कपाशीची शेते उजाड दिसू लागतात. शेवटचा वेचा घरी आलेला असतो आणि शेतात उरते ती केवळ वाळलेली पऱ्हाटी. पुढे ती उपटली जाते, धुऱ्यावर तिच्या गंज्या लागतात. काही चुलीत जाते, काही कुंपणाला लागते आणि बरीचशी शेतातच पेटवून दिली जाते. फाल्गुनात रात्रीच्या वेळी अमरावतीहून अकोल्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना या आगी दिसतात. एका हेक्टरातील कपाशीमागे साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत मिळून दरवर्षी केवढा कार्बन धूर होऊन जातो, याची कल्पना येते.

या काडीचा आणि वायू साठविण्याच्या शास्त्राचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांस पडेल. आम्हालाही तो प्रथम एका विद्यार्थ्यामुळेच सुचला. नववीच्या वर्गात इंधनांचा पाठ चालू असताना त्याने विचारले होते, "सर, आमच्या घरच्या गोबरगॅसच्या टाकीत पाहुणे आले की गॅस पुरत नाही, आणि एरवी टाकी वर येऊन गॅस पाण्यातून बुडबुडत निघून जातो. तो सिलिंडरमध्ये का भरून ठेवत नाहीत?" प्रश्न साधा होता, उत्तर मात्र साधे नव्हते. त्या उत्तराच्या शोधात प्रयोगशाळेत आम्ही जे वाचले आणि जे करून पाहिले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम अडचण समजून घेतली पाहिजे. घरगुती सिलिंडरमधील वायू हा मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असतो. तो साध्या तापमानाला थोड्याशा दाबाने द्रवरूप होतो, म्हणून १४.२ किलो इंधन एका लहान टाकीत मावते. गोबरगॅसमधील ज्वलनशील घटक मात्र मिथेन होय. मिथेनचे क्रांतिक तापमान उणे ८२.६ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे त्याहून अधिक तापमानाला कितीही दाब दिला तरी मिथेन द्रवरूप होत नाही. अकोल्याच्या उन्हाळ्यात तर त्याची गोष्टच नको. म्हणून मिथेन साठवायचा तर आजवर दोनच मार्ग प्रचारात होते. एक, त्याला सुमारे २०० पट वातावरणदाबाने दाबून जाड पोलादी टाकीत कोंडणे; रस्त्यावरील सीएनजीची वाहने असे करतात. दुसरा, उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव करणे. हे जहाजांतून वायू नेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाच परवडते. खेड्यातील गोबरगॅसला दोन्ही मार्ग बंद आहेत.

तिसरा मार्ग अधिशोषणाचा आहे. येथे शोषण आणि अधिशोषण यांतील भेद ध्यानात ठेवावा. फडके पाणी शोषते तेव्हा पाणी त्याच्या आत भिनते. अधिशोषणात वायूचे रेणू घनपदार्थाच्या केवळ पृष्ठभागावर चिकटून बसतात. त्यांना तेथे धरून ठेवणारे बल फार क्षीण असते. कोणताही रासायनिक बंध तयार होत नाही. म्हणूनच दाब कमी केला किंवा थोडी उष्णता दिली की वायू जसाच्या तसा मोकळा होतो. साठवणीच्या दृष्टीने हाच त्याचा गुण होय. मात्र हे सारे पृष्ठभागावर घडत असल्याने पुष्कळ वायू साठवायचा तर प्रचंड पृष्ठभाग हवा, आणि तोही थोड्या जागेत. निसर्गात असा पदार्थ कोळशाइतका स्वस्त दुसरा नाही.

कोळशाच्या या गुणाचा इतिहास जुना आहे. १७७३ मध्ये स्वीडनच्या शेलेने कोळसा वायू धरून ठेवतो हे मोजून दाखविले. चार वर्षांनी इटलीच्या फोंतानाने तापवलेला कोळसा बंद नळीतील वायूत सोडून तोच अनुभव घेतला. नारळाच्या करवंटीचा कोळसा या कामी विशेष सरस ठरतो, हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आले होते. १९०० च्या सुमारास ओस्त्रेइको नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने वाफेने व क्षारांनी कोळसा क्रियाशील करण्याच्या पद्धतींची पेटंटे घेतली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून सैनिकांचा बचाव करण्यासाठी मुखवटे बनू लागले, तेव्हा या कोळशाची मागणी एकाएकी वाढली. अमेरिकेत १९१८ साली शाळकरी मुलांनी पीच फळांच्या कोया गोळा करून दिल्या, त्यांचा कोळसा मुखवट्यांत भरला गेला. इतिहासाच्या पुस्तकांत हे क्वचितच येते, म्हणून मुद्दाम नोंदवीत आहोत.

कोळसा 'सच्छिद्र' असतो म्हणजे नेमका कसा? साध्या डोळ्यांना दिसणारी छिद्रे येथे अभिप्रेत नाहीत. शास्त्रज्ञांनी रंध्रांचे तीन वर्ग केले आहेत: दोन नॅनोमीटरहून लहान ती सूक्ष्मरंध्रे, दोन ते पन्नास नॅनोमीटरची मध्यरंध्रे आणि त्याहून मोठी ती स्थूलरंध्रे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षांवा भाग. मिथेनच्या रेणूचा व्यास सुमारे ०.३८ नॅनोमीटर आहे. रंध्राच्या दोन भिंती इतक्या जवळ असतील की मधल्या रेणूला दोहोंची ओढ एकाच वेळी जाणवेल, तर तो घट्ट धरला जातो. भिंती दूर असतील तर मधली जागा रिकाम्या टाकीसारखीच वाया जाते. मिथेनसाठी सुमारे १.१ नॅनोमीटर रुंदीचे रंध्र सर्वांत सोयीचे मानले जाते. स्थूलरंध्रांचा उपयोग केवळ आत जाण्याच्या वाटेपुरता.

पृष्ठभाग मोजण्याची रीत ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर या तिघांनी १९३८ मध्ये दिली. उणे १९६ अंशांवर नायट्रोजनचे रेणू कोळशावर बसवावयाचे आणि किती बसले यावरून क्षेत्रफळ काढावयाचे, अशी ती रीत आहे. चांगल्या क्रियाशील कोळशाच्या एका ग्रॅमचे क्षेत्रफळ सुमारे १,००० चौरस मीटर भरते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन दडलेली असते. पोटॅशने क्रियाशील केलेल्या उत्तम प्रकारच्या कोळशात हा आकडा ३,००० पर्यंत जातो. म्हणजे पाऊण एकर. वर्गात हा आकडा प्रथम सांगितला तेव्हा विद्यार्थ्यांचा विश्वास बसला नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

आता कृतीकडे वळू. कोळसा करणे हे आपल्या भागाला नवे नाही. काडीत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे तीन मुख्य घटक असतात. हवा न लागू देता ती ४०० ते ६०० अंशांपर्यंत तापवली की पाणी, डांबर आणि ज्वलनशील वायू निघून जातात आणि कार्बनचा सांगाडा उरतो. लिग्निनचे प्रमाण जेवढे अधिक तेवढा कोळसा अधिक आणि कठीण निघतो. पऱ्हाटी ही नावाला काडी असली तरी गुणाने लाकूडच आहे. तिच्यात लिग्निन जवळजवळ एक चतुर्थांश असते आणि राखेचे प्रमाण भाताच्या तुसाच्या मानाने पुष्कळ कमी असते. राख कमी हा मोठाच फायदा. कारण राख रंध्रे अडवते आणि वायूला काहीही धरत नाही.

आम्ही हा प्रयोग मैदानात उघड्यावर केला. रंगाचा रिकामा लोखंडी डबा घेतला, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडले, उन्हात वाळवलेले पऱ्हाटीचे बोटभर तुकडे दाबून भरले आणि डबा गोवऱ्यांच्या आरात ठेवला. भोकातून प्रथम पांढरी वाफ आली, मग पिवळट दाट धूर, आणि थोड्या वेळाने त्या धुराला काडी लावताच भोकावर ज्योत उभी राहिली. ही ज्योत विझली म्हणजे काम झाले असे समजावे. आमचा पहिला डबा मात्र राखेचा झाला. उत्सुकतेने आम्ही तो गरम असतानाच उघडला. आतला कोळसा हवा लागताच लालबुंद झाला आणि पाहता पाहता संपला. दुसऱ्या वेळी ज्योत विझताच भोक ओल्या मातीने लिंपले आणि डबा रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी निघालेला कोळसा काळाकभिन्न होता, बोटांनी वाजवला तर टणटणत होता आणि वजनात मूळ काडीच्या पाव हिश्श्याएवढा भरला. हा प्रयोग बंद खोलीत कोणीही करू नये. निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो आणि तो जीवघेणा आहे.

असा कोळसा चुलीला उत्तम, पण वायू साठविण्यास अपुरा. कारण त्याची बहुतेक रंध्रे डांबराने बुजलेली असतात. ती उघडण्याच्या क्रियेस क्रियाशीलन म्हणतात. ८०० ते ९०० अंशांच्या तापलेल्या कोळशावरून वाफ सोडली की वाफ कार्बनचा थोडा थोडा भाग खाऊन कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन बनवते, आणि जेथे कार्बन खाल्ला गेला तेथे रंध्र पडते. ही भौतिक रीत झाली. रासायनिक रीतीत काडीचा भुसा फॉस्फोरिक आम्लात भिजवून साधारण ४५० ते ५०० अंशांवर भाजतात, किंवा कोळसा पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर ७०० ते ८०० अंशांवर तापवतात. वायुसाठवणीसाठी पोटॅशची रीत सर्वांत प्रभावी ठरली आहे. पण ती शाळेत करण्याजोगी नाही. दाहक पोटॅश कातडी व डोळे जाळतो. शिवाय या क्रियेत पोटॅशियम धातू मोकळा होतो आणि तो पाण्याच्या संपर्काने पेट घेतो. कोळशाच्या दुप्पट ते चौपट वजनाचा पोटॅश लागतो हा खर्चाचा भाग वेगळाच.

आम्ही म्हणून फॉस्फोरिक आम्लाचा मार्ग धरला. भट्टी आमच्याकडे नव्हती. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने ती वापरू दिली. भाजलेला कोळसा निळा लिटमस कागद तांबडा होणे थांबेपर्यंत धूत राहावे लागते. या धुण्याला दोन दिवस आणि किती बादल्या पाणी लागले हे सांगताना संकोच वाटतो. पाणीटंचाईच्या मुलखात ही रीत वापरायची तर धुण्याच्या पाण्याचा हिशेब आधी मांडला पाहिजे. तयार कोळसा गुळाच्या पाण्यात ढवळून गाळला तेव्हा पाणी जवळजवळ रंगहीन झाले; डब्यातल्या साध्या कोळशाने रंग जेमतेम फिका झाला होता.

वायूची परीक्षा आम्ही अशी केली. दोन सारख्या बाटल्या घेतल्या, एकीत क्रियाशील कोळसा आणि दुसरीत तेवढ्याच वजनाचा साधा कोळसा ठेवला. खाण्याचा सोडा व लिंबाचा रस यांपासून मिळालेला कार्बन डायऑक्साइड दोन सारख्या फुग्यांत भरून फुगे बाटल्यांच्या तोंडावर चढवले. क्रियाशील कोळशावरचा फुगा काही मिनिटांत सैल पडून लोंबू लागला. दुसरी बाटली ठेवणे आवश्यक होते, कारण कार्बन डायऑक्साइड रबरातून आपोआपही झिरपतो आणि एकच फुगा पाहून निष्कर्ष काढला असता तर तो फसवा ठरला असता. आणखी एक गोष्ट एका विद्यार्थिनीने सर्वांआधी टिपली: बाटलीचा तळ हाताला कोमट लागत होता. रेणू पृष्ठभागावर बसताना उष्णता बाहेर टाकतात, हे पुस्तकातले वाक्य तिच्या तळहाताला कळले.

ही ऊब पुढे फार मोठी अडचण होऊन उभी राहते. मिथेन कोळशावर बसताना दर मोलमागे साधारण १६ किलोज्यूल उष्णता निघते. एक किलो मिथेन म्हणजे ६२.५ मोल, म्हणजे १,००० किलोज्यूल. एवढ्या उष्णतेने सुमारे तीन लिटर पाणी उकळण्याच्या बिंदूपर्यंत तापेल. कोळसा उष्णतेचा वाईट वाहक असल्याने ही उष्णता टाकीतच कोंडते, आणि तापलेला कोळसा कमी वायू धरतो. वायू काढताना उलट घडते. टाकी थंड होते आणि शेवटचा वायू बाहेर यायला नकार देतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा प्रयोगशाळेत २५ अंशांवर मोजलेले आकडे आपल्याला लागू पडणार नाहीत. टाकी सावलीत, जमिनीखाली किंवा पाण्यात ठेवणे, सावकाश भरणे, हे उपाय साधे आहेत आणि खेड्यात शक्यही आहेत.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा हिशेब करून पाहू. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून मिळणारी उष्णता सुमारे ६५० मेगाज्यूल असते. तेवढ्यासाठी सुमारे १३ किलो मिथेन लागेल, म्हणजे साध्या दाबाला २० घनमीटर. गोबरगॅसमध्ये मिथेन साधारण ६० टक्के धरले तर हा ३३ घनमीटर गोबरगॅस झाला. एक घनमीटर वायूला सुमारे २५ किलो शेण लागते. रिकाम्या टाकीत ३५ पट दाबाने हा मिथेन भरायचा तर टाकी ५०० लिटरहून मोठी हवी. त्याच टाकीत उत्तम कोळसा भरला आणि एका लिटर जागेत १५० लिटर वायू साठला, तर सुमारे १३५ लिटरची टाकी पुरेल. कोळसा लागेल ६५ ते ७० किलो. सगळे टप्पे धरून काडीच्या १५ टक्के क्रियाशील कोळसा हाती आला, तर चार-साडेचार क्विंटल पऱ्हाटी लागेल. एका हेक्टरच्या पऱ्हाटीत अशा चार ते सहा टाक्या भरतील. आणि हा कोळसा जळत नाही, पुन्हा पुन्हा वापरता येतो. हिशेबात एक खोट आहे ती लपवू नये. टाकीचा दाब वातावरणाएवढा उतरला तरी काही वायू कोळशात अडकूनच राहतो. तो वजा केला पाहिजे.

येथे १५० हा आकडा आम्ही कल्पनेने घेतलेला नाही. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठ आणि कॅन्सस सिटीतील मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट यांच्या संशोधकांनी २००७ मध्ये मक्याचे दाणे काढून उरलेल्या कणसांच्या दांड्यांपासून कोळशाच्या विटा केल्या, सुमारे ३५ पट दाबाला त्यांच्यात १८० पट आकारमानाचा मिथेन साठविला आणि त्यावर एक मालवाहू मोटार चालवून दाखविली. मक्याचे दांडे हेही शेतातील टाकाऊच. याच साली मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक महेश्वर शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलबिया व तंतुमय वनस्पती यांपासून केलेल्या कार्बनमध्ये हायड्रोजन साठविण्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. हायड्रोजनची गोष्ट मात्र अधिक कठीण आहे. त्याची कोळशावरील पकड मिथेनच्या मानाने फारच ढिली असते. उणे १९६ अंशांवर दर ५०० चौरस मीटर पृष्ठभागामागे वजनाच्या सुमारे एक टक्का हायड्रोजन बसतो, असा ठोकताळा आहे. साध्या तापमानाला तो एका टक्क्याच्याही खाली येतो. वर्तमानपत्रांत अधूनमधून झळकणाऱ्या 'कचऱ्यापासून हायड्रोजनची टाकी' अशा मथळ्यांकडे विद्यार्थ्यांनी तापमानाचा आकडा शोधत पाहावे.

गोबरगॅस थेट कोळशात भरता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यातील कार्बन डायऑक्साइड मिथेनहून अधिक घट्ट बसतो आणि जागा अडवतो. ओलावा व हायड्रोजन सल्फाइड कोळसा लवकर निकामी करतात. आधी वायू धुऊन, सुकवून घ्यावा लागतो. ३५ पट दाब देणारे यंत्रही लागते. पंक्चरच्या दुकानातील पंप तेथवर पोहोचत नाही.

जाता जाता एका गैरसमजाविषयी. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात अनेक घरी कोळशाचे गाळणे बसवून पाणी गोड होईल अशी आशा बाळगतात. क्रियाशील कोळसा वास, रंग आणि क्लोरीन काढतो. पाण्यात विरघळलेले मीठ काढत नाही. त्यासाठी निराळी पद्धत लागते. हा कोळसा आम्ही तयार केला तेव्हा दोन पालक तो मागायला आले होते, त्यांना हेच सांगून परत पाठवावे लागले.

राहिला पऱ्हाटीचा प्रश्न, आणि तो केवळ रसायनशास्त्राचा नाही. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड तयार करण्याच्या पद्धती पूर्वीच सिद्ध केल्या आहेत. इंधनाच्या कांड्या करणारे कारखानेही विदर्भात आहेत. शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी गुलाबी बोंडअळीला आश्रय देते, म्हणून ती वेळेत काढावी असा कृषी शास्त्रज्ञांचा आग्रह असतो. ती विकली गेली तर कास्तकाराला चार पैसे मिळतील, धूर टळेल, हे सर्व खरे. परंतु आमच्या वसतिगृहातील अनेक विद्यार्थ्यांचे आईवडील भूमिहीन मजूर आहेत. पऱ्हाटी उपटून देण्याच्या मोबदल्यात तीच पऱ्हाटी घरी नेण्याची रीत त्यांच्या गावांत आहे. आईच्या डोक्यावरच्या त्या मोळीवर पावसाळ्यापर्यंतची चूल चालते. हा प्रयोग सुरू केला तेव्हा आमच्या लेखी पऱ्हाटी म्हणजे 'टाकाऊ' होती आणि फळ्यावरही आम्ही तसेच लिहिले होते. सातवीतल्या एका मुलीने उभे राहून म्हटले, "सर, आमच्या घरी पऱ्हाटी टाकत नाहीत." आम्ही तो शब्द पुसला.

उद्या कारखान्याने क्विंटलला भाव दिला तर धुऱ्यावरची गंजी कोणाची ठरणार, हे आधी ठरले पाहिजे. आमच्या मते या कामाची योग्य जागा मोठ्या कारखान्यापेक्षा गावपातळीवरील संस्थेत आहे: जिच्याकडे शेण, पऱ्हाटी आणि चूल या तिन्ही गोष्टी एकाच आवारात असतात. सामुदायिक टाकीतील वायू भूमिहीनांच्या घरीही पोहोचत असेल, तरच त्यांच्या डोक्यावरची मोळी मागण्याचा आपल्याला अधिकार पोहोचतो. निवासी शाळाही अशीच एक जागा आहे. आमच्या भोजनगृहातील उरलेसुरले अन्न व भाज्यांची देठे यांपासून वायू करण्याची योजना संस्थेपुढे मांडली आहे. कोळशाच्या टाकीचा विचार त्यानंतरचा.

प्रयोगशाळेच्या फळीवर सध्या तीन बरण्या आहेत. एकीवर पऱ्हाटी, दुसरीवर तुराटी, तिसरीवर बाभूळ अशी चिठ्ठी आहे. तिन्ही कोळसे एकाच रीतीने भाजलेले आहेत. कोणाचा फुगा आधी उतरतो हे पाहण्याचे काम यंदाच्या नववीकडे दिले आहे. तापमापक आणि वहीचे कोरे पान बरण्यांजवळच ठेवले आहे.